सेंट अँड्र्यूजचा हिमालय

गोल्फ हा खेळ टीव्हीवर तुम्ही पाहिला असेल. हिरवंगार मैदान, पांढरे बूट घातलेले साहेब, मागे त्यांच्या काठ्यांची पिशवी उचलणारा माणूस. आपल्याकडे तो पैसेवाल्यांच्या क्लबातला खेळ. पण स्कॉटलंडमधल्या ज्या गावात तो वाढला, त्या सेंट अँड्र्यूजमध्ये हे मैदान कुणा श्रीमंताचं नाही, सार्वजनिक आहे. माझी लेक जवळच्या डंडी शहरात नर्स आहे. गेल्या उन्हाळ्यात तिच्याकडे राहिले, तेव्हा बसने जाऊन तिथे मीही खेळून आले.

खेळ सोपा आहे. लहानपणी गोट्या खेळताना आपण गल करायचो ना, तशा मैदानात अठरा गली असतात. कडक, छोटा चेंडू काठीने मारत एकेका गलीत घालायचा. कमीत कमी फटक्यांत जो अठरा गली पुऱ्या करेल, तो जिंकला. अठराच का? तर 1764 साली याच गावात बावीसच्या अठरा केल्या आणि पुढे जगाने तोच आकडा धरला.

आता जमिनीचं ऐका. समुद्राकाठची ही वाळूची जमीन, पिकाच्या उपयोगाची नाही. गवत आणि ससे, एवढंच. गावातल्या बायका तिथल्या ओढ्यावर कपडे धुऊन गवतावर वाळत घालायच्या. 1552 साली तिथल्या आर्चबिशपने लेखी दिलं, की या जमिनीवर खेळायचा गावकऱ्यांना हक्क आहे. तरी 1797 मध्ये कर्जात बुडालेल्या नगरपालिकेने ती विकलीच. पुढे ती सशांच्या व्यापाऱ्यांकडे गेली. सशांनी बिळं करून मैदानाची चाळण केली, भांडणं कोर्टात गेली, ती वीसेक वर्षं चालली. 1821 मध्ये शेजारच्या एका जमीनदाराने जमीन विकत घेऊन खेळ वाचवला. 1894 मध्ये खास कायदा झाला आणि जमीन परत गावाच्या ताब्यात आली. आज मालकी तिथल्या कौन्सिलची आणि कारभार 1974 च्या कायद्याने नेमलेल्या ट्रस्टचा.

मला तर हे ऐकताना सारखं आपलं गायरान आठवत होतं. तुमच्या गावचं गायरान किती एकर, त्यातलं आज किती उरलंय, हे गटातल्या किती जणींना सांगता येईल? तलाठ्याकडे उतारा मागता येतो, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

सार्वजनिक म्हणजे सगळ्यांना फुकट, असं मात्र नाही हं. तिथल्या सगळ्यात जुन्या मैदानावर परगावच्या माणसाला उन्हाळ्यात एका फेरीचे तीनशे पौंडांच्या वर मोजावे लागतात. म्हणजे आपले तीस हजारांहून जास्त! शिवाय खेळ येत असल्याचा दाखला हवा. एवढं करूनही जागा मिळेलच असं नाही. बऱ्याच जणांचा नंबर आपल्या भिशीसारखा चिठ्ठीवर लागतो. गावात राहणाऱ्यांना वर्षाचा पास खूपच स्वस्त पडतो, आणि ते मला रास्त वाटलं. रविवारी मात्र त्या मैदानावर सहसा खेळ बंद. त्या दिवशी कुणीही यावं, गवतावरून फिरावं. आम्हीही फिरलो. बाबागाड्या, कुत्री, म्हातारी माणसं, सगळा गाव तिथे.

मी खेळले ते याच्या शेजारच्या छोट्या मैदानावर. त्याचं नाव ऐकून हसाल. हिमालय! सगळे उंचवटे आणि खड्डे, म्हणून हिमालय. ते बायकांचं मैदान. दीडशे वर्षांपूर्वी बाईने काठी खांद्याच्या वर उचलणं तिथे अशोभनीय मानायचे. मग बायकांनी काय करावं? तर जमिनीलगत हळूच टोला मारून जेवढं खेळता येईल तेवढं खेळावं. 1867 साली त्यांनी स्वतःचा क्लब काढला आणि आजही हिमालय तोच क्लब चालवतो. शेजारी दगडी इमारतीत पुरुषांचा मोठा, मानाचा क्लब आहे. त्यांनी बायकांना सभासद करून घ्यायचं कधी ठरवलं? 2014 मध्ये. तोवर या बायका शेजारी आपल्या खेळतच होत्या.

हिमालयावर ठरावीक वेळात कुणीही खेळू शकतं. दाखला लागत नाही, चिठ्ठी नाही, पैसेही थोडे. खिडकीतल्या बाईंनी काठी, चेंडू आणि फटके लिहायला एक कार्ड दिलं. मी साडीवर बूट घातलेले. कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

लेक सरळ गलीवर नेम धरून मारायची. चेंडू उंचवट्यावर अर्धा चढायचा आणि परत तिच्याच पायाशी. जोरात मारला की पलीकडच्या खड्ड्यात. मी आधी जमीन बघितली. उतार कुठून कुठे जातो, चेंडू कुठे वळेल. गलीकडे न मारता उताराच्या डोक्यावर सोडायचा, मग तो आपल्या पायांनी खाली जातो. शेवटी मोजलं, तर माझे फटके लेकीपेक्षा नऊने कमी!

काठी परत करताना त्या बाईंनी विचारलं, आधी कुठे खेळलात? म्हटलं, खेळले नाही, पण तीस वर्षं रानात दारं धरतेय. लेकीला म्हटलं, सांग त्यांना. ती बिचारी ‘दारं धरणं’ इंग्रजीत कसं सांगावं म्हणून विचार करत राहिली, आणि तेवढ्यात आमची बस आली.