घरी गेलेल्या हृदयरुग्णाचे समाधान

स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयामुळे सुमारे पन्नास वर्षे ग्रामीण वैद्यकाचे केंद्र राहिलेल्या, आद्यकवी मुकुंदराजांच्या अंबाजोगाईत या परिषदेसाठी डॉक्टर, परिचारिका, आशा कार्यकर्त्या, संशोधक आणि विशेषतः रुग्णांचे नातेवाईक जमले आहेत.

आरोग्यसेवेच्या गुणवत्तेचे अभ्यासक आवेदिस दोनाबेदियन यांनी १९६६ मध्ये आरोग्यसेवेची गुणवत्ता रचना, प्रक्रिया आणि फलित, म्हणजे अनुक्रमे उपलब्ध साधने व मनुष्यबळ, प्रत्यक्ष केलेले उपचार आणि रुग्णाच्या प्रकृतीत पडलेला फरक, या तीन अंगांनी तपासण्याची मांडणी केली; रुग्णाचे समाधान हा त्यांनी फलिताचाच भाग मानला. परंतु हृदयरुग्णाला हे समाधान बहुधा रुग्णालयातून सुट्टी मिळण्याच्या दिवशी विचारले जाते आणि जीव वाचल्याच्या कृतज्ञतेत रुग्ण सर्वच प्रश्नांना ‘चांगले’ म्हणतो, त्यामुळे त्या उत्तरातून सेवेतील उणीव क्वचितच कळते.

बीड जिल्ह्यातील रुग्णांच्या बाबतीत ही उणीव पुढे फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या शेतात, दिसते. दिवाळीच्या सुमारास येथील ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. पतिपत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो व त्यावर मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या कंत्राटदाराकडून, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. एकाच्या छातीत दुखू लागले तर दोघांची मजुरी बुडते आणि उचल मात्र अंगावर राहते. स्टेंट, म्हणजे अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, बसविलेल्या रुग्णाने रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या मनाने बंद केल्यास जाळीत गुठळी होऊन पुन्हा हृदयविकाराचा झटका येऊ शकतो, ही गोष्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेल्या इंग्रजी सुट्टीपत्रावरून कोपीतल्या, म्हणजे फडावरच्या झोपडीतल्या, माणसाला कळणे अशक्य आहे. २०१२ मध्ये सुरू झालेल्या आणि आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणाऱ्या जन आरोग्य योजनेने शस्त्रक्रियेच्या खर्चाचा भार हलका केला, तसेच २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली, ही निश्चितच मोठी कामे होत; पण फडावर संपलेली गोळी कोठे मिळेल, हा प्रश्न या कामांनी सुटत नाही.

म्हणून सुट्टीपत्र मराठीत द्यावे, गोळ्यांची वेळ नातेवाइकाकडून वदवून घ्यावी आणि समाधानाची प्रश्नावली तीन महिन्यांनी, रुग्ण साखर कारखान्याच्या तळावर असला तरी तेथे जाऊन, त्याच्याच बोलीत भरून घ्यावी, असा ठराव या परिषदेने करावा, अशी स्वागत समितीची सर्व प्रतिनिधींना कळकळीची विनंती आहे.