पदवी, पद आणि कर्जाचा हप्ता



छत्रपती संभाजीनगर येथे १९५८ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले आणि सिल्लोड-सोयगावपासून पैठण-वैजापूरपर्यंतच्या शेतकरी कुटुंबांतील मुलामुलींना पदव्युत्तर शिक्षणाचा मार्ग घराजवळ मोकळा झाला. त्यांपैकी जे दिव्यांग बालकांच्या शिक्षणाकडे वळतात, त्यांच्या घरातील एका हिशेबाविषयी आज बोलावयाचे आहे. विशेष शिक्षणातील एम.एड.साठी काढलेले कर्ज पुढील मिळकतीतून फिटते काय?

शाळेत या बालकांना शिकविण्यासाठी विशेष शिक्षणातील पदविका किंवा बी.एड. आणि भारतीय पुनर्वसन परिषदेकडील नोंदणी आवश्यक असते. एम.एड. ही त्यापुढील पायरी. तिचा मुख्य उपयोग शिक्षक घडविणाऱ्या महाविद्यालयातील अध्यापकपदासाठी, आणि अशी पदे थोडी. शाळेतील वेतन पदावरून ठरते, भिंतीवर टांगलेल्या पदवीवरून नव्हे. सातव्या वेतन आयोगानुसार प्राथमिक शिक्षकाचे मूळ वेतन २९,२०० रुपयांपासून, तर माध्यमिक शाळेतील प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाचे ३८,६०० रुपयांपासून सुरू होते. त्याआधी शिक्षणसेवकाची तीन वर्षे. त्या काळातील मानधन २०२३ पासून अनुक्रमे १६,००० व १८,००० रुपये झाले आहे.

आता कर्जाची बाजू. शैक्षणिक कर्जास चार लाखांपर्यंत सामान्यतः तारण लागत नाही आणि अभ्यासक्रमानंतर वर्षभर हप्ता मागितला जात नाही. येथेच अनेकांची फसगत होते. हप्ता थांबलेला असतो, व्याज थांबलेले नसते. समजा, दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षी दीड लाख असे तीन लाख रुपये दहा टक्क्यांनी घेतले. सवलतीच्या काळात सरळ व्याजाने ७५,००० रुपये चढतात. ते वेळच्या वेळी भरले, तर सात वर्षांच्या परतफेडीचा मासिक हप्ता सुमारे ४,९८० रुपये येतो; न भरले तर ६,२२५. सोळा हजारांच्या मानधनातून सव्वासहा हजार वजा केल्यावर खोलीभाडे व प्रवासखर्च कसा भागवावा, हे त्या तरुणालाच ठाऊक! म्हणून माझे स्पष्ट मत असे, की बी.एड. व नोंदणीनंतर आधी नोकरी धरावी आणि एम.एड.साठी कर्ज काढण्यापूर्वी अध्यापकपदाची शक्यता पारखून घ्यावी.

परंतु धरावयास पद तर हवे. अपंग एकात्मिक शिक्षणाची केंद्रीय योजना १९७४ ची. पुढे योजनांची नावे बदलत गेली, तरी सर्वसाधारण शाळांत फिरणारे अनेक विशेष शिक्षक वर्षानुवर्षे करारावरच राहिले. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक स्तरावर अशा दहा विद्यार्थ्यांमागे एक व माध्यमिक स्तरावर पंधरांमागे एक विशेष शिक्षक, हे प्रमाण घालून दिले. राज्य शासनाने २०२४ मध्ये केंद्रस्तरावर ४,८६० विशेष शिक्षकपदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. कराराच्या तुलनेत हे मोठेच पाऊल होय.

येथे पंचायत सदस्यांचा संबंध येतो. प्रमाण मोजावयाचे ते पटावरील मुलांवरून. २०१६ च्या कायद्याने सहा ते अठरा वर्षे वयाच्या, ठरावीक प्रमाणात दिव्यांगत्व असलेल्या प्रत्येक बालकास मोफत शिक्षणाचा हक्क दिला; पण जे मूल ओसरीवरच बसून आहे, ते या गणतीत येतच नाही. तेव्हा मुख्याध्यापकांनी व सदस्यांनी पटनोंदणीपूर्वी वस्त्या-तांडे फिरून अशा मुलांची यादी करावी, ती ग्रामसभेपुढे ठेवावी आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे देऊन पोच घ्यावी.