सहीचं पेन कुणाला द्यायचं?



आज पेनाबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, मोबाईलच्या जमान्यात पेन कशाला? पण जगातल्या मोठमोठ्या घटनांचे फोटो नीट बघा. तोफा थांबलेल्या असतात, एक टेबल असतं, कागद असतो आणि कुणाच्या तरी हातात पेन असतं.

2 सप्टेंबर 1945. टोकियोच्या खाडीत मिसुरी नावाची अमेरिकन युद्धनौका उभी होती. डेकवर हिरवं कापड घातलेलं एक साधं टेबल होतं. जपानचे परराष्ट्रमंत्री शिगेमित्सू काठी टेकत आले. 1932 साली शांघायमधल्या बॉम्बहल्ल्यात त्यांचा एक पाय गेला होता. त्यांनी आणि जनरल उमेझू यांनी जपानतर्फे सह्या केल्या. मग जनरल मॅकआर्थर सही करायला बसले.

त्यांनी एका पेनाने सही केलीच नाही. नावाची थोडी अक्षरं लिहायची आणि पेन बदलायचं, असं चाललं होतं. पहिलं पेन त्यांनी मागे उभ्या असलेल्या जनरल वेनराईट यांना दिलं, दुसरं ब्रिटनच्या जनरल पर्सिव्हल यांना. दोघेही हाडांचे सापळे झालेले, कारण तीन वर्षांहून जास्त काळ जपानच्या कैदेत होते.

आता खरी गोष्ट ऐका. हे दोघे जिंकलेले सेनापती नव्हते, हरलेले होते. फेब्रुवारी 1942 मध्ये पर्सिव्हल यांनी सिंगापूर जपानच्या हवाली केलं. तिथे कैद झालेल्यांत हजारो भारतीय जवानही होते. त्याच वर्षी मे महिन्यात फिलिपाईन्समध्ये कॉरेगिडोर बेटावर वेनराईट यांना हत्यारं खाली ठेवावी लागली. आपल्या देशातले लोक आता आपल्याला काय म्हणतील, ही चिंता कैदेत त्यांना खात होती. आणि विजयाच्या दिवशी पहिलं पेन त्यांच्याच हातात! शेवटची अक्षरं मॅकआर्थरनी एका लालसर पार्कर पेनाने लिहिली. ते त्यांच्या पत्नीचं, जीन यांचं होतं.

एवढा मोठा सोहळा, पण घोळ व्हायचा तो झालाच. जपानला द्यायच्या प्रतीवर कॅनडाच्या प्रतिनिधींनी एक ओळ सोडून खाली, फ्रान्सच्या जागी सही केली. मग फ्रान्स खाली सरकला, त्याच्या मागोमाग नेदरलँड्स. शेवटच्या न्यूझीलंडला तर ओळच उरली नाही! जपानी मंडळी म्हणाली, असा कागद आम्ही कसा न्यायचा? शेवटी अमेरिकन अधिकाऱ्याने छापलेली देशांची नावं खोडून हाताने दुरुस्त केली, तेव्हा कुठे तो कागद पुढे गेला. महायुद्ध संपलं, पण सही आपल्या ओळीवर आहे की नाही ते बघावंच लागलं.

आता याच्या उलट चित्र बघा. 1 जानेवारी 1863. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं. बंडखोर राज्यांतले गुलाम मुक्त झाल्याची घोषणा लिंकन यांच्यासमोर सहीला आली. सकाळपासून नववर्षाच्या भेटीला आलेल्यांशी हस्तांदोलन करून त्यांचा उजवा हात बधिर झाला होता. त्यांनी पेन उचललं आणि परत खाली ठेवलं. अक्षर कापरं आलं तर लोक म्हणतील, याचं मन कचरलं. म्हणून थोडं थांबले आणि मग सावकाश, ठाम हाताने पूर्ण नाव लिहिलं. ते साधं लाकडी दांड्याचं टाक आज मॅसॅच्युसेट्समधल्या इतिहास संस्थेत जपून ठेवलेलं आहे.

त्याला शंभर वर्षं उलटली, तरी काळ्या माणसाला हॉटेलात शेजारी बसून जेवता येत नव्हतं. 2 जुलै 1964 ला नागरी हक्क कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी सही केली, ती सत्तरहून जास्त पेनांनी. त्यातलं एक पेन मार्टिन ल्यूथर किंग यांना मिळालं. लोक म्हणतात, हा दिखावा. असेलही थोडा. पण मला त्यात एक कबुलीही दिसते. कायद्यावर सही एकाची असते, पण तो कायदा सहीपर्यंत येतो तो मार खाल्लेल्या, तुरुंगात गेलेल्या, रस्त्यावर चाललेल्या हजारोंमुळे. त्यांचं नाव त्या कागदावर कुठेच नसतं. निदान एखादं पेन तरी त्यांच्या घरी जावं!

म्हणून मुलांनो, असा फोटो दिसला की सही करणाऱ्यावरच थांबू नका. त्याच्या मागे कोण उभं आहे ते बघा. पेन कुणाला मिळालं ते विचारा आणि कुणाला मिळायला हवं होतं, तेही विचारा.

आणि उद्या तुमच्यासमोर कागद येईल. नोकरीचा असेल, जमिनीचा असेल, बँकेचा असेल. घाई करू नका. शेवटपर्यंत वाचा, कळलं नाही तर विचारा, आपली ओळ बघा आणि मगच पेन टेकवा. हात थरथरत असेल तर लिंकनसारखं क्षणभर थांबा. थांबण्यात कमीपणा नाही.