ती पहाटे निघून गेली

(भोर येथे आशाताई, परिचारिका व आरोग्य कार्यकर्ते यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मला विषय दिला आहे 'रुग्णाचा अनुभव आणि सेवेचा दर्जा'. मी डॉक्टर नाही. रुग्णाला जीपमध्ये बसवून आणणारा आणि केसपेपरच्या रांगेत उभा राहणारा मी माणूस. त्यामुळे मी जे सांगणार ते बाहेरच्या बाकावरून दिसलेलं आहे. त्यात माझी एक चूकही आहे, ती आधी सांगून टाकतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवस पावसाचे. भाटघरच्या पाण्यापलीकडे एका कातकरी वस्तीवर आठ-नऊ महिन्यांचं मूल आजारी होतं. ताप होता, पोट उडत होतं, दूध ओढत नव्हतं. आशाताईंनी फोन केला म्हणून मी गेलो. आई यायला तयार नव्हती. मी तिला तासभर समजावलं, समजावलं म्हणजे खरं तर दटावलंच, आणि घेऊन आलो. सोबत तिची सासू. रुग्णालयाचं नाव सांगत नाही, कारण जे झालं ते कुठेही होऊ शकतं, आपल्याकडेही. मूल भरती झालं, ऑक्सिजन लागला, सुई टोचली. मला शेवटची एसटी गाठायची होती. जाताना मी तिला म्हणालो, "डॉक्टर सांगतील तसं कर गं बाय." आणि निघालो.

सकाळी फोन आला. पेशंट पळून गेला.

'पळून गेला' हा शब्द तुम्ही वॉर्डात रोज ऐकता. रजिस्टरमध्ये त्यासाठी वेगळा इंग्रजी शब्द आहे. पण त्या बाईच्या बाजूने पाहिलं तर ती पळाली नव्हती. पोराला पदराखाली घेऊन, पावसात, नळी काढलेल्या हाताला चिंधी बांधून ती घरी गेली होती.

मी चिडलो होतो. तिसऱ्या दिवशी वस्तीवर गेलो ते चार शब्द सुनवायच्या तयारीनेच. पण तिची सासू चुलीपाशी बसली होती, तिने मला काळा चहा दिला, आणि मग मी पहिल्यांदा विचारलं की झालं काय. ती सांगू लागली. रात्री सासूला बाहेर काढलं, एका पेशंटजवळ एकच माणूस म्हणून. सासू व्हरांड्यात बसली तर तिथूनही उठवलं. पोराच्या हातातून रक्त काढलं, मग पुन्हा काढलं. कशाला, ते कुणी बोललं नाही. हिला वाटलं, एवढंसं पोर, किती रक्त असणार त्याच्यात. किती दिवस राहायचं ते माहीत नाही. पैसे किती होतील ते माहीत नाही. आणि शेवटी, अगदी शेवटी, तिने सांगितलं की दोन वर्षांपूर्वी तिचं पहिलं मूल अशाच एका खाटेवर गेलं होतं. तेव्हाही नळी लावली होती. देह घरी आणायला खासगी जीप केली, त्या जीपचे पैसे फेडायला नवरा एक अख्खा हंगाम कोळसा भट्टीवर राबला.

मी तासभर तिला समजावत होतो. त्या तासात एकदाही मी विचारलं नव्हतं की बाई, तू का घाबरतेस.

डिप्लोमा करताना आम्हाला बार्तीमयाचा उतारा होता. तो आंधळा आहे हे सगळ्या गर्दीला दिसत होतं. तरी प्रभूने त्याला आधी विचारलं की तुझ्यासाठी मी काय करावं. परीक्षेत मी त्यावर दोन पानं लिहिली होती. वस्तीवर मात्र विसरलो.

हा प्रश्न ज्यांनी गंभीरपणे विचारला त्यांचं एक उदाहरण आपल्याच राज्यात आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग 1986 साली गडचिरोलीला गेले. तिथले गोंड लोक दवाखान्यात येईनात. का येत नाही, असं विचारल्यावर उत्तरं मिळाली ती कुठल्याही आरोग्याच्या पुस्तकात नव्हती. डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात, आम्ही मेलेल्या माणसाला पांढऱ्यात गुंडाळतो. मोठ्या इमारतीत आम्ही हरवतो. नातेवाइकांना बाहेर काढता. तिथे आमचा देव नाही. मग शोधग्राममध्ये 1993 साली दवाखाना उभा राहिला तो गावातल्या घरांसारखा, नातेवाईक सोबत राहतील असा, आणि नाव दिलं ते त्यांच्या देवीचं, माँ दंतेश्वरी दवाखाना.

हे ऐकून आपल्यातले काही जण म्हणतात, आपणही झोपड्या बांधू. मला ते पटत नाही. गोंडांचं उत्तर गोंडांचं आहे. महादेव कोळ्यांचं वेगळं निघेल, कातकऱ्यांचं त्याहून वेगळं. कातकरी ही राज्यातल्या तीन आदिम जमातींपैकी एक, कोलाम आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. दिवाळीनंतर वस्तीच्या वस्ती वीटभट्टीवर आणि कोळशावर जाते, पावसाच्या तोंडावर परतते. त्यांची भीती इमारतीची कमी आणि उचल घेतलेल्या मुकादमाची जास्त असू शकते. गडचिरोलीहून आणायचा तो प्रश्न.

आता थोडं जवळ येऊ. वरंध घाट उतरलं की महाड. तिथे बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात 1976 साली डॉ. हिम्मतराव बावस्कर नावाचा तरुण डॉक्टर आला. लाल विंचू चावलेली माणसं दगावत होती. त्यांनी काय केलं? रुग्णाच्या उशाशी रात्र रात्र बसले. घाम कधी सुटतो, हातपाय गार कधी पडतात, रक्तदाब कधी चढतो, सगळं लिहून काढलं. त्या टिपणांतून 1982 साली लॅन्सेटमध्ये लेख आला, आणि पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीने विंचूदंशाचे मृत्यू खूप खाली आले. त्यांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. रुग्णाजवळ बसणं आणि उपचार करणं ही आपण दोन वेगळी कामं समजतो, एक मायेचं आणि एक शास्त्राचं. बिरवाडीत ते एकच काम होतं.

आणि वेल्ह्याचं तर स्वतःचं उदाहरण आहे, तिथल्या आपल्या कित्येक जणांनाही ते आठवत नाही. 2007 पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात लोकाधारित देखरेख सुरू झाली. अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे अशा पाच जिल्ह्यांतली 225 गावं सुरुवातीला निवडली होती. पुणे जिल्ह्यातल्या तालुक्यांत वेल्हेही होता. गावकऱ्यांनी स्वतः आपल्या दवाखान्याला रंग द्यायचे. चांगलं असेल तर हिरवा, बरं असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. अक्षर न येणाऱ्या आजीलाही ते कार्ड वाचता येतं. मग जनसुनवाई. मांडवात एका बाजूला अधिकारी, समोर लोक, आणि बाई माईक घेऊन सांगते की माझ्याकडून बाहेरची औषधं आणवली. अधिकाऱ्याला तिथेच उत्तर द्यावं लागतं.

तक्रार पेटीशी याची तुलना करून पाहा. पेटी भिंतीवर डोक्याच्या वर, कुलूप लावलेली, आणि खाली कागद नाही, पेन नाही. 2016 पासून मोबाईलवरही अभिप्राय विचारतात. ज्या खोऱ्यात रेंजसाठी टेकडीवर चढावं लागतं तिथला अभिप्राय कुठून जाणार? जनसुनवाईतही एक उणीव राहते, तीही बोलली पाहिजे. पुढच्या सतरंजीवर गावठाणातली माणसं बसतात. कातकरी मांडवाबाहेर उभे असतात. त्यांच्यापर्यंत माईक आपणहून जात नाही.

योजनांबद्दल थोडक्यात. सरकारी रुग्णालयात बाळंतिणीला जाण्या-येण्याची गाडी मोफत, साध्या बाळंतपणात तीन दिवस आणि सिझेरियन असेल तर सात दिवस जेवण मोफत. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरलाही पैसे नाहीत. हे आपल्याला पाठ आहे. पण भरती झाल्याच्या पहिल्या अर्ध्या तासात कुणी तिच्या भाषेत सांगितलं नाही, तर ती रात्रभर मनात जीपचं भाडंच मोजत राहते.

त्या मुलाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. तिसऱ्या दिवशी आम्ही त्याला पुन्हा आणलं. या वेळी मी एसटी सोडली. वॉर्डात रात्रपाळीला एक सिस्टर होत्या. त्यांनी स्टूल ओढलं, आईच्या डोळ्यांत पाहून म्हणाल्या, "चार रात्री लागतील. रक्त एक चमचाभर काढणार, परत नाही काढणार. पैसे नाहीत. आजी इथेच खाली झोपतील." मग आईचा हात मुलाच्या पोटावर ठेवून श्वास कसा मोजायचा ते दाखवलं. औषध तेच होतं, जे पहिल्या रात्री होतं. खाटही बहुतेक तीच. पाचव्या दिवशी मूल घरी गेलं. गेल्या वर्षी ते आश्रमशाळेत दाखल झालं.

त्यानंतर आम्ही काही जणांनी 'पहिल्या रात्रीची सोबत' सुरू केली आहे. वस्तीवरचा रुग्ण भरती झाला की पहिली रात्र आपल्यातलं एक जण तिथे थांबतं. उपचारात लुडबुड करायची नाही, सिस्टरना शिकवायला जायचं नाही, त्यांच्यावर एकेका रात्री किती खाटा असतात ते बघा आधी. फक्त रुग्णाला विचारायचं. घरातलं कुणी आधी इथे आलं होतं का, त्याचं काय झालं? घरी मागे कोण आहे? तुला इथे काय सांगितलं, ते मला सांग बघू. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "काही नाही" असं आलं, तर सिस्टरना विनंती करून पुन्हा सांगायला लावायचं.

जुलै ते सप्टेंबर हे तीन महिने सर्वांत जड जातात. मागच्या टेबलावर वही ठेवली आहे. भुतोंडे खोरं, हिर्डोशीची बाजू आणि वेल्हे अशी तीन पानं आहेत. नावासोबत रात्री लागेल असा फोन नंबर लिहा, आणि महिन्यातल्या कुठल्या रात्री जमणार नाही तेही. भोरच्या दोन पानांवर मिळून नऊ नावं आली आहेत. वेल्ह्याचं पान अजून कोरं आहे.