विज्ञानेश्वरांचा वारसा आणि परभणीचा सातबारा

आज विधी शाखेची पदवी घेणाऱ्या स्नातक मित्रमैत्रिणींनो,

तुमचं मनापासून अभिनंदन. कापूस-सोयाबीनच्या पैशातून ज्यांनी तुमची फी भरली, त्या आईवडिलांचं त्याहूनही अधिक.

थोड्याच दिवसांत तुमच्यातले बरेच जण काळा कोट घालून परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेडच्या न्यायालयांत उभे राहतील. हाती येणारी पहिली फाईल बहुधा वाटणीच्या दाव्याची असेल. वडिलोपार्जित जमीन, भावाभावांत अबोला आणि वारसांच्या यादीत बहिणींची नावं आहेत की नाहीत यावरून वाद. हा दावा ज्या विचारावर उभा असतो, तो विचार नऊशे वर्षांपूर्वी आपल्या शेजारीच मांडला गेला. मांडणाऱ्याचं नाव विज्ञानेश्वर.

कल्याणी, म्हणजे आजचं बसवकल्याण, ही चालुक्य सम्राट सहाव्या विक्रमादित्याची राजधानी. त्यानं १०७६ ते ११२६ राज्य केलं आणि विज्ञानेश्वर त्याच्याच काळातले. बसवकल्याणचा बीदर जिल्हा आणि आपला परभणी जिल्हा १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. राज्यपुनर्रचनेत बीदर म्हैसूरकडे गेला, परभणी मुंबई राज्यात आली. त्यामुळे हा पंडित आपल्याला परका नाही.

याज्ञवल्क्य स्मृती सुमारे हजार श्लोकांची. तिच्यावर विज्ञानेश्वरांनी ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. फिर्याद, तिला उत्तर, लेखी पुरावा, साक्षीदार, ताबा, कर्ज, सीमेचे तंटे या सगळ्याचा ऊहापोह तिच्यात आहे. ग्रंथाच्या शेवटी ते सांगतात की कल्याणीसारखं नगर, विक्रमादित्यासारखा राजा आणि विज्ञानेश्वरासारखा पंडित दुसरा नाही. नम्रतेत ते जरा कमी पडले, पण पुढच्या पिढ्यांनी त्यांचा दावा फेटाळलाही नाही. बंगालमध्ये जीमूतवाहनाचा ‘दायभाग’ मानला गेला. उरलेल्या बहुतेक भारतात मिताक्षरेचा शब्द चालला. १८१० मध्ये इंग्रज विद्वान कोलब्रुकनं या दोन्ही ग्रंथांतल्या वारसाहक्काच्या भागाचं इंग्रजी भाषांतर केलं आणि मिताक्षरा इंग्रजांच्या न्यायालयांतही जाऊन पोचली.

इंग्रजी कायद्याचा इतिहास तुम्ही ग्लॅनव्हिल आणि ब्रॅक्टनपासून शिकता. ग्लॅनव्हिलच्या नावावरचा ग्रंथ साधारण ११८८ चा, ब्रॅक्टनचा तेराव्या शतकातला. विज्ञानेश्वर या दोघांच्याही आधीचे. इंग्लंडमध्ये सरदार-उमरावांच्या जमिनी थोरल्या मुलाकडेच जात आणि ही थोरलेपणाची रीत तिथे १९२५ च्या कायद्यानं मोडली. आपल्याकडेही थोरल्याला जादा वाटा देणारी जुनी वचनं होती. विज्ञानेश्वरांनी ती लपवली नाहीत की खोटी ठरवली नाहीत. त्यांनी म्हटलं, शास्त्रात असलं तरी लोकांना जे मान्य नाही ते आचरू नये. म्हणून वाटे समान. शास्त्र पाठ असलेल्या माणसानं लोकांच्या न्यायबुद्धीला असा मान द्यावा, ही मला त्यांची सर्वांत मोठी शिकवण वाटते.

वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मानंच येतो, हा त्यांचा मुख्य सिद्धान्त. निपुत्रिक माणसाच्या मागे आईबाप वारस ठरत असतील, तर त्यांनी आईला बापाच्या आधी ठेवलं. स्त्रीधनाच्या यादीत त्यांनी वारशानं, खरेदीनं, वाटणीत मिळालेली मालमत्ताही धरली. पुढे इंग्रजी अमलातल्या सर्वोच्च अपील न्यायालयानं, म्हणजे प्रिव्ही कौन्सिलनं, हा अर्थ आखडून टाकला. बाराव्या शतकातल्या पंडिताचं मन विसाव्या शतकातल्या न्यायाधीशांपेक्षा इथे मोठं निघालं.

तरीही त्यांची आरती ओवाळायला मी इथे उभा नाही. त्यांचा कायदा माणसाची जात पाहून बदलत होता आणि जन्मसिद्ध हक्क त्यांनी मुलीला दिला नाही. ही चौकट बदलण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हिंदू कोड बिल घेऊन उभे राहिले. ते बिल अडवलं गेलं आणि १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं मुलीला वडिलांच्या हिश्शात वाटा दिला, पण जन्मानं येणारा हक्क मुलांकडेच ठेवला. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये तो मुलींना दिला, तरी आधी लग्न झालेल्यांना वगळलं. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर मुलगी मुलाच्या बरोबरीची सहदायाद, म्हणजे जन्मानंच हक्क असलेली वाटेकरी, झाली. वडील त्या दिवशी हयात नव्हते तरी तिचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या कायम राहिल्या.

म्हणजे विज्ञानेश्वरांचा सिद्धान्त आजही जिवंत आहे. तो टाकून न देता त्याच्यात मुलीला घेतलं गेलं.

पण कायदा पुस्तकात बदलतो आणि सातबारा तलाठ्याकडे असतो. या दोन्हींमध्ये हक्कसोडपत्र नावाचा कागद येतो. भाऊ बहिणीला माहेरी बोलावतात, साडीचोळी करतात, नोंदणी कार्यालयात नेतात. तिनं सही केली की माहेर टिकलं, नाही केली की तुटलं, असा तो व्यवहार. बहिणीनं राजीखुशीनं हक्क सोडला तर तो तिचा अधिकार आहे. मात्र आपण काय सोडतो आहोत हे तिला कोणी सांगितलेलं असतं का?

ते सांगणारे तुम्ही व्हा. कागदाचा मसुदा तुमच्याच टेबलावर तयार होणार आहे. मूळ कायदा शब्द न् शब्द वाचा, निकाल मुळातून वाचा, समोरच्या पक्षाची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडता येईल इतकी समजून घ्या. विज्ञानेश्वरांची पद्धत हीच होती. आणि फी भाऊ देत असला तरी सहीपूर्वी बहिणीला बाजूला बसवून तिचा हिस्सा किती, तो सोडल्यावर काय होतं, हे मराठीत नीट समजावून सांगा. तिला स्वतंत्र वकील हवा असेल तर तसंही सांगा. समजल्याशिवाय होणारी सही घेऊ नका, मग पक्षकार गेला तरी चालेल.