आदिलाबादच्या शिवेवरचा वाघ

कार्तिक सरत आला म्हणजे आदिलाबादच्या काळ्या जमिनीत कापसाची वेचणी सुरू होते. कमरेला ओटी बांधून बायका ओळीने वाकलेल्या असतात. वेचणारणीची नजर बोंडावर असते आणि पाठ रानाकडे. वाघाला वाकलेला माणूस हा माणूस वाटत नाही, चार पायांवर चरणारे जनावर वाटते, असे जाणते लोक सांगतात. ते खरे असो वा नसो, नोव्हेंबर २०२० मध्ये दहेगाव मंडलातील दिगिडा येथे एक तरुण वाघाच्या तोंडी पडला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस कोंडपल्लीच्या कापसात एक कोवळी मुलगी गेली. चार वर्षांनी, पुन्हा नोव्हेंबरातच, कागजनगरजवळ गन्नारमच्या शिवारात वेचणी करणाऱ्या एका तरुण स्त्रीवर तोच प्रसंग ओढवला. मग वनखात्याने मजुरांना डोक्यामागे बांधण्यासाठी माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे वाटले आणि उन्हे चांगली वर आल्यावरच शेतात जावे, दिवस कलण्यापूर्वी परतावे, असे सांगितले. उपाय चांगला खरा, पण ज्याची मजुरी वेचलेल्या कापसाच्या वजनावर ठरते, त्याच्या दिवसातले हे दोन-तीन तास कोणी भरून द्यावयाचे, हे त्या मुखवट्यावर लिहिलेले नव्हते.

ही गावे २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होती. त्या वर्षी जुन्या जिल्ह्याचे चार झाले आणि ती कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेली. माणसाने आखलेल्या सीमा या मुलखात पूर्वीही अशाच हालल्या आहेत. १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबादेतच होते. राज्यपुनर्रचनेत ते नांदेडकडे आले आणि पुढे राजुरा चांद्याला जोडला गेला. वाघाच्या लेखी मात्र ताडोबा, टिपेश्वर, किनवट आणि कागजनगर हे एकच रान आहे.

महाराष्ट्रात २०१८ च्या गणनेत ३१२ वाघ होते, २०२२ मध्ये ते ४४४ झाले. टिपेश्वरचे अभयारण्य अवघे दीडशे चौरस किलोमीटरांचे. तेथे वयात आलेल्या नराने जावे कोठे? गळ्यात पट्टा बांधलेला तेथला एक तरुण वाघ २०१९ साली आदिलाबाद, नांदेड करीत थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत चालत गेला. २०२४ च्या हिवाळ्यात किनवटकडून आलेला दुसरा एक नर जोडीदारीण शोधीत आदिलाबाद आणि निर्मलच्या रानांतून आठवडेच्या आठवडे हिंडत होता.

अमेरिकेत येलोस्टोनच्या रानात १९९५ आणि १९९६ साली कॅनडातून लांडगे आणून सोडण्यात आले. तेथील पशुपालकांनी आणि शिकाऱ्यांनी आधी वर्षानुवर्षे विरोध केला, सुनावण्या झाल्या, कोर्टकज्जे झाले. पण निदान 'लांडगा आणावा काय?' हा प्रश्न लोकांपुढे ठेवला गेला होता. आदिलाबादेत वाघ कोणी आणला नाही, तो आपल्या पायांनी आला. त्यामुळे विचारण्याची वेळच कोणावर आली नाही आणि विचारले गेले नाही हीच गावकऱ्यांची पहिली तक्रार आहे.

२०१२ साली कवाल हा व्याघ्रप्रकल्प जाहीर झाला. त्याचा गाभा सुमारे ८९३ चौरस किलोमीटरांचा. परंतु वाघांनी बिऱ्हाड थाटले ते बहुतेक त्याच्या बाहेर, कागजनगरच्या बाजूस, जेथे रानाला लागून गावे, गोठे आणि कापसाची शेते आहेत. ज्या भागासाठी संरक्षणाची तजवीज झाली तेथे वाघ विरळा, आणि जेथे वाघ राहिला तेथे माणसांची तजवीज अपुरी, असा हा उलटा संसार आहे.

निजामाच्या काळी ही राने शिकारीसाठी नावाजलेली होती. साहेब माचाणावर बसत आणि गोंड, कोलाम हाका करीत. १९७२ च्या कायद्याने ती शिकार संपली. आज वाघाचा जीव जातो तो बंदुकीने क्वचितच. रानडुकरांसाठी, कधी पीक राखण्याकरिता तर कधी मांसाच्या लोभाने, शेताच्या कडेने तार ताणून तीत विजेचा प्रवाह सोडतात आणि त्या तारेला वाघ लागतो. मे २०२५ मध्ये पेंचिकलपेठ भागात एक वाघ असाच गेला. तार लावणाराने वाघाचे वैर धरलेले असतेच असे नाही, पण मग तो मेलेल्या वाघाची नखे काढून घेतो तेव्हा त्याची बाजू घेणे कठीण होते.

विषाची गोष्ट वेगळी आहे. जानेवारी २०२४ मध्ये कागजनगरजवळ दरिगावच्या रानात दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोन वाघ मेलेले सापडले. प्रथम ते आपसात झुंजून मेले असे वाटले. पुढे उलगडा झाला की वाघाने मारलेल्या गुरावरच कोणी विष घातले होते. येथे नुकसानभरपाईची रीत पाहण्याजोगी आहे. मेलेले जनावर जागचे हलवावयाचे नाही, वर्दी द्यावयाची, पंचनाम्याची वाट पाहावयाची, मग कागद वर जातो. इकडे वाघही त्याच जनावरावर दुसऱ्या रात्री परत येतो. म्हणजे गुराखी, सरकार आणि वाघ या तिघांचीही गाठ त्या एका कलेवराशी पडते, आणि तेथे सर्वांत आधी कोण पोहोचतो यावर वाघाचे प्राण अवलंबून असतात. ज्याची दुभती गाय गेली त्याला पहिल्याच दिवशी हातात पैसे मिळाले, तर विषाची पुडी सोडण्याची बुद्धी त्याला होण्याचे कारण पुष्कळच उणे होईल. गुन्ह्याला शिक्षा हवीच, पण शिक्षेने मेलेला वाघ उठत नाही आणि गायही.

मनुष्यहानीच्या भरपाईत तर आणखी एक विचित्र प्रकार आहे. महाराष्ट्राने २०२३ साली ही रक्कम २५ लाखांवर नेली. गन्नारमच्या घटनेत, २०२४ साली, तेलंगणात जाहीर झाली ती १० लाखांची. वाघ तोच, नदी तीच, दोन्ही काठांवरच्या घरांतले दुःखही तेच.

तथापि रकमा उद्या वाढल्या तरी गोंड-कोलामांच्या मनातली भीती जाईल असे नाही. वाघाशी त्यांचा परिचय जुना आहे. शिवेवर त्याला देव मानून नारळ ठेवणारे हे लोक. त्यांना धाक आहे तो वाघाच्या मागून येणाऱ्या वनखात्याच्या नकाशाचा. निजामाच्या राजवटीत राखीव रानाच्या रेषा आखताना त्यांच्या वस्त्या उठविल्या गेल्या. जल, जंगल, जमीन यांसाठी कुमरम भीम १९४० साली जोडेघाटला लढून पडला, त्याचे मूळ तेथेच होते. २०२३ साली आसिफाबादेतूनच पोडू जमिनीचे पट्टे वाटण्यास प्रारंभ झाला, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, ३० मे २०२५ रोजी, कवाल ते ताडोबा या वाघांच्या वाटेवरील सुमारे दीड लाख हेक्टर रान संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित करणारा आदेश निघाला. त्याला नाव दिले होते कुमरम भीमाचेच! अशा घोषणेपूर्वी स्थानिक समाजाशी विचारविनिमय करावा असे कायदाच सांगतो. गावे म्हणाली, आम्हांला कोणी विचारले? बंदची हाक दिली गेली आणि जुलैमध्ये सरकारने तो आदेश स्थगित केला.

वाघांसाठी ती वाट मोकळी राहणे अगत्याचे आहे, हे वन्यजीवांचे अभ्यासक सांगतात आणि त्यात चूक नाही. ती तुटली तर कवालच्या रानात नवा वाघ येणार नाही. परंतु ज्या वाटेवर गावे वसलेली आहेत, तिचा नकाशा गावांच्या चावडीवर उलगडून, कोणाचे शेत, कोणाचे चराईचे रान तीत येते आणि त्यावरचा कोणता हक्क अबाधित राहील हे लेखी सांगण्याचे काम आदेशाच्या आधी व्हावयास हवे होते. ते अजूनही करता येण्यासारखे आहे, आणि वेचणीच्या हंगामाआधी केले तर अधिक बरे.