धावणाऱ्याने आसने का करावीत?
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



महोत्सवातील एक सायंकाळ व्यायामाला दिल्याबद्दल चालकांचे आभार. सकाळी कमाटीबागेत गेले की आपल्या समाजातील धावणारी मंडळी भेटतात. त्यांत चाळिशी ओलांडलेल्या भगिनीही असतात. ही मोठ्या समाधानाची गोष्ट होय. पण काल धावणारे कोणी आज गुडघा धरून बाकावर बसलेलेही तेथेच दिसतात. माझे चार शब्द मुख्यतः त्यांच्यासाठी आहेत.

धावताना दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर कधीच नसतात. प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार एका पायावर येतो, आणि मैलभरात अशी हजारावर पावले पडतात. हृदय आणि फुफ्फुसे यांना याचा लाभ होतो, यात शंका नाही. परंतु हालचाल तीच ती, सरळ पुढची. त्यामुळे पोटऱ्या व मांडीचे मागचे स्नायू आखडतात. कंबर व नितंब यांकडून पुरेसे काम होत नसेल तर त्याचा ताण गुडघ्याला सोसावा लागतो. धावणे जे देत नाही, ते आसनांनी मिळवावे, एवढेच माझे सांगणे आहे.

बडोदेकरांना हा विचार परका वाटू नये. पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने प्रसिद्ध झालेले जगन्नाथ गणेश गुणे १८८३ साली आपल्या डभोईस जन्मले. १९०७ ते १९१० या काळात त्यांनी येथील जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव यांच्या हाताखाली देशी व्यायामाचे शिक्षण घेतले, आणि १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले. आखाडा आणि योग यांत त्यांनी वैर मानले नाही. आपणही मानू नये.

आता करावे काय? धावण्यापूर्वी पाच-सात मिनिटे भरभर चालावे, घोटे व कंबर फिरवावी. थंड अंगाने स्नायू फार वेळ ताणून लगेच धावू नये. धावून आल्यावर थोडे चालून श्वास शांत होऊ द्यावा. मग आसनांना बसावे. पोटऱ्यांसाठी अधोमुख श्वानासन. मांडीच्या मागच्या बाजूसाठी उताणे निजून, पावलाला उपरणे अडकवून एकेक पाय वर घेणे. पाठ व नितंब बळकट होण्यासाठी शलभासन आणि सेतुबंधासन. तोल व घोटे यांसाठी वृक्षासन. आणि शेवटी शवासन. वीस मिनिटे पुरतात. गुडघा दुखत असेल तर वज्रासनाचा हट्ट धरू नये. धापा टाकत असताना कुंभक किंवा कपालभाती करू नये. रक्तदाब असणाऱ्यांनी तर श्वास रोखूच नये.

एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. धावणाऱ्याला मोजण्याची सवय असते: किती मैल, किती मिनिटे. तीच सवय घेऊन तो आसनाला बसतो आणि शेजाऱ्याचे कपाळ गुडघ्याला लागले म्हणून आपलेही दामटू पाहतो. पतंजलींनी आसनात स्थैर्य आणि सुख यांची अपेक्षा केली आहे, चढाओढीची नव्हे. जेथे ताण जाणवतो पण श्वास अडत नाही, तेथेच थांबावे. हा संयम अंगी बाणला म्हणजे धावतानाही उपयोगी पडतो. कारण दुखणे वाढण्यापूर्वी शरीर जी सूचना देते, ती ऐकू येऊ लागते.

मात्र आसने म्हणजे औषधोपचार नव्हेत. सांधा सुजला, पाय टेकवेना, किंवा धावताना छातीत दुखले अथवा भोवळ आली, तर धावणे थांबवून डॉक्टरांकडेच जावे.

शेवटी विश्वस्तांना एक विनंती. आपले सभागृह सकाळी बंद असते. ते साडेसहा ते साडेसात उघडे ठेवावे, सतरंज्या द्याव्यात आणि जाणत्या शिक्षकाची योजना करावी. पुष्कळ भगिनींना घरी निवांत जागा मिळत नाही; वयस्करांना एकट्याने आसने करण्याची धास्ती वाटते. महोत्सवाची कमान आठ दिवसांत उतरेल. पण बाकावर बसलेला आपला एखादा माणूस पुन्हा बागेत धावू लागला, तर महोत्सव खऱ्या अर्थाने साजरा झाला असे मी समजेन.